रात्रीत बॅटरी उतरते ती कशाने?

पहाटे साडेतीनला भाजीच्या करंड्या भरून पिकअप दाराशी उभी असते. पाचच्या आत बाजार गाठायचा असतो. आणि किल्ली फिरवावी तर ‘टक्’ एवढाच आवाज होतो, दिवे काजव्यासारखे मिणमिणतात. मग शेजाऱ्यांना उठवून धक्का मारायचा, नाहीतर दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून घ्यायची. तोवर बाजार उतरलेला असतो आणि कोथिंबीर माना टाकू लागते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर असा अडला तर तोडणीची टोळी बसून राहते. आजाऱ्याला रात्री दवाखान्यात न्यायचे असेल तर काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

अशा वेळी घरोघरी एकच निर्णय होतो : बॅटरी गेली, नवी आणा. काही हजार रुपये मोजले जातात, महिना-दोन महिने बरे जातात, आणि पुन्हा तीच पहाट उजाडते. आमच्या मते नवी बॅटरी हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. बॅटरी रात्रीत का उतरते हे शोधण्यासाठी फार मोठे ज्ञान लागत नाही. एक पाना, एक छोटा दिवा, तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढ्यावर हे काम शेतकऱ्याला आपल्या अंगणात करता येते. यांपैकी धीर सर्वांत महत्त्वाचा.

बॅटरी म्हणजे घरामागचा पाण्याचा हौद समजा. सकाळी हौद रिकामा दिसला तर तीन कारणे संभवतात. संध्याकाळी तो भरलाच नव्हता. किंवा हौदालाच तडा आहे. किंवा कोणीतरी नळ उघडा ठेवला आहे. बॅटरीचेही तेच. ती भरत नाही, धरत नाही किंवा गळते. या तिन्हींचे दुखणे वरून एकसारखेच दिसते आणि उपाय मात्र तीन निराळे आहेत. नळ उघडा असताना हौद नवा बांधून काय उपयोग?

आधी हिशेब

मीटर हाती घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. बॅटरीवर ३५, ६५, ८० असे काही आकडे आणि पुढे ‘एएच’ अशी अक्षरे असतात. हे ॲम्पिअर-तास. ८० ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे ४ ॲम्पिअरचा प्रवाह सुमारे २० तास देऊ शकणारी बॅटरी. ती पूर्ण रिकामी होईपर्यंत कोणी थांबत नाही. निम्मी उतरली की ट्रॅक्टरचे जड डिझेल इंजिन फिरवताना ती दम टाकू लागते. म्हणजे ४० ॲम्पिअर-तास गेले की सकाळी अडचण.

आता संध्याकाळी सात ते सकाळी सात असे बारा तास धरा. बारा तासांत ४० ॲम्पिअर-तास पिण्यासाठी सव्वातीन ॲम्पिअरहून अधिक प्रवाह सतत वाहिला पाहिजे. एवढा प्रवाह कोण घेतो? मागचे दोन ब्रेक लाइट. प्रत्येकी २१ वॅटचा दिवा धरला तर दोन्ही मिळून साडेतीन ॲम्पिअर होतात. ब्रेकच्या पायट्याला चिखल लागला, स्प्रिंग सैल पडली आणि पायटा पूर्ण वर आला नाही, तर ब्रेकचा स्विच सुटत नाही आणि हे दोन दिवे रात्रभर जळत राहतात. दिवसाउजेडी ते कोणाच्या लक्षात येत नाही.

उलट बाजूने पाहा. केबिनमधला किंवा डॅशबोर्डच्या खणातला ५ वॅटचा दिवा ०.४ ॲम्पिअर घेतो. बारा तासांत त्याने पाच ॲम्पिअर-तास प्यायले. चांगली ८० ची बॅटरी अशा दिव्याने एका रात्रीत उतरणे शक्य नाही. तिला अडवायला त्याला आठ रात्री लागतील. मात्र तीच बॅटरी चार-पाच वर्षांची, आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर चढलेली असेल, तर वर ८० लिहिलेले असून आत जेमतेम पंधरा-वीस उरलेले असतात. अशा म्हाताऱ्या बॅटरीला तो एवढासा दिवाही पुरतो.

या हिशेबाचा उपयोग असा की, चांगली बॅटरी खरोखरच एका रात्रीत मरत असेल तर पिणारा मोठा आहे. तो एकतर उजेड देत असेल, नाहीतर गरम होत असेल. त्याला डोळ्यांनी आणि हाताने शोधता येते. बॅटरी चार-पाच दिवसांनी मरत असेल तर पिणारा लहान आहे आणि त्याला मीटरच लागेल. म्हणून पहिल्यांदा ‘गाडी नेमकी किती तास उभी होती?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर देताना माणसे फार सैलपणे बोलतात, असा आमचा अनुभव आहे. ‘रात्रीत उतरते’ म्हणणाऱ्याची गाडी पुष्कळदा रविवारपासून गुरुवारपर्यंत उभी असते.

हात लावण्यापूर्वी

बॅटरीत गंधकाचे आम्ल असते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो एका ठिणगीने पेटतो आणि बॅटरी फुटते. म्हणून जवळ विडी-काडी नको, कंदील नको. जागा मोकळ्या हवेची हवी. हातातली अंगठी, घड्याळ, कडे किंवा बांगड्या आणि गळ्यातली धातूची साखळी क्रूसासकट काढून ठेवावी. अंगठी पाना आणि बॉडी यांच्यामध्ये सापडली तर क्षणात तापून लाल होते आणि बोट हाडापर्यंत भाजते.

टर्मिनल काढताना नेहमी निगेटिव्ह आधी काढावे आणि लावताना ते सर्वांत शेवटी लावावे. पॉझिटिव्ह आधी सोडवू गेले आणि पाना बॉडीला लागला तर सरळ शॉर्ट होतो. अगदी जुन्या काही ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेले असते; तेथे हा क्रम उलटा. कोणती तार बॉडीला गेली आहे ते एकदा पाहिले की झाले.

आम्ल डोळ्यात उडाले तर स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा निदान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. चोळू नये, दूध, तेल, तूप काही घालू नये. कातडीवर उडाले तरी भरपूर पाणी हाच उपाय. बॅटरीची कामे करताना साधा चष्मा डोळ्यांवर असला तरी पुष्कळ बचाव होतो. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, कारण टर्मिनलवरची पांढरी भुकटी शिशाची असते आणि शिसे पोटात जाणे वाईट, मुलांच्या तर फारच वाईट.

भरत नाही की धरत नाही?

पहिली शंका लगेच फिटते. इंजिन चालू करून थोडे वाढवावे आणि मीटर व्होल्टवर ठेवून दोन्ही टर्मिनलांवर लावावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर भरणे ठीक चालले आहे. १३ च्या खाली असेल तर पट्टा सैल आहे, जोड गंजले आहेत किंवा अल्टरनेटर दमला आहे. तेथे रात्रीच्या चोराचा काही संबंध नाही. १५ च्या वर असेल तर बॅटरीतले पाणी उकळून उडून जाते, तेही वाईटच.

दुसऱ्या शंकेला एक रात्र द्यावी लागते, पण पैसा लागत नाही. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, तीन-चार तास तशीच राहू द्यावी आणि व्होल्ट मोजावेत. भरलेली निरोगी बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे तळ गाठलेली. आता निगेटिव्ह तार काढून बाजूला बांधून ठेवावी. सकाळी पुन्हा मोजावे. तार सुटलेली असतानाही आकडा १२.४ च्या खाली घसरला तर हौदालाच तडा आहे. दुसऱ्या रात्री तार जोडून तसेच करावे. सुटी असताना टिकते आणि जोडली की उतरते, असे झाले तर बॅटरी निर्दोष आहे; गाडीत कोणीतरी पिणारा आहे.

बुचे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटर याहून स्पष्ट बोलतो. सहा घरांपैकी पाचांत १.२५ च्या वर आणि एका घरात १.१८ अशी तफावत आली तर ते एक घर मेले आहे, बाकी कितीही चांगली असोत. बंद बॅटरीवरचा हिरवा डोळा मात्र एकाच घराचे सांगतो. त्याच्यावर फार विसंबू नये. आणखी एक पारख : सेल्फ मारताना व्होल्ट पाहावेत. भरलेली बॅटरी सेल्फच्या ओझ्याखाली ९.६ च्या खाली गेली तर ती थकली आहे, मग उभी असताना तिने कितीही छान आकडा दाखवलेला असो.

बॅटरीचा वरचा भाग पाहायला विसरू नये. धूळ, खताची पूड, सांडलेले आम्ल आणि दव यांचा चिकट थर वीज वाहून नेतो. मीटरची एक तार पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी नुसती बॅटरीच्या प्लास्टिकच्या पाठीवर टेकवून पाहा. दोन-चार व्होल्ट दिसले तर त्या मळातूनच गळती चालू आहे. बुचे घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने पाठ धुवावी, साध्या पाण्याने खळखळावी आणि कोरडी करावी. सोड्याचा थेंबही आत जाता कामा नये. ही गळती लहान असते, पण पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरला ती पुरते.

चोर शोधताना

आता तिसरी गोष्ट, आणि खरे काम येथेच आहे. पहिली फेरी अंधारात करावी. गाडी बंद करावी, किल्ली काढावी, टॉर्च न लावता गाडीभोवती हळूहळू चालावे. मागचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा, ट्रॉलीचे दिवे, डॅशबोर्डवरचे लहान लाल ठिपके, सर्व पाहावे. खण बंद केल्यावर आतला दिवा विझतो का हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी मोबाइलवर चित्रण चालू करून तो खणात ठेवावा आणि झाकण लावावे. ही युक्ती पोरांना लगेच जमते.

दुसरी फेरी हाताची आणि ती सकाळी करावी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर. अल्टरनेटरला हात लावावा. बाकी इंजिन गार आणि हा मात्र कोमट लागला तर चोर सापडलाच. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. प्रवाह बॅटरीकडे जाऊ द्यायचा, उलटा येऊ द्यायचा नाही, हे त्यांचे काम. त्यांतला डायोड बिघडला की दिवसा भरलेले रात्री त्याच वाटेने परत जाते. जुन्या डायनामोच्या ट्रॅक्टरांत हे काम कटआउट करतो. त्याचे पॉइंट चिकटले तर बॅटरी थेट डायनामोत रिकामी होते. मग रिलेच्या डब्यांना हात लावावा. गार गाडीत एखादा रिले उबदार असेल तर तो चिकटून बसला आहे. डिझेल जीपचा हीटर प्लगचा रिले असा चिकटला तर बॅटरी रात्र काय, तासाभरातही मान टाकते.

तिसरी फेरी मोजणीची. पॉझिटिव्ह टर्मिनलवर किती तारा आल्या आहेत त्या मोजाव्यात. कारखान्यातून गाडी आली तेव्हा तेथे एक-दोन जाड तारा होत्या. त्यानंतर जे जे बसवले गेले त्याची तार बहुधा येथेच येऊन गुंडाळलेली असते : जादा हॉर्न, फोकस, एलईडीच्या माळा, मोबाइलचा चार्जर, टेप. आमच्या भागात उसाच्या ट्रॅक्टरवर गाण्यांचा जो सरंजाम असतो, त्याविषयी मत देण्याचे हे ठिकाण नव्हे. पण त्यातल्या ॲम्प्लिफायरला जागे करणारी एक बारीक तार असते. ती किल्लीवर चालणाऱ्या तारेला जोडायला हवी. घाईत ती थेट बॅटरीला जोडली की गाणे बंद असले तरी ॲम्प्लिफायर जागाच राहतो आणि अर्धा-एक ॲम्पिअर सहज पितो. फ्यूजशिवाय थेट जोडलेली प्रत्येक तार आणखी एका कारणाने धोक्याची : उंदराने तिचे रबर कुरतडले आणि ती बॉडीला लागली तर बॅटरी उतरण्यावर भागत नाही, गाडी पेटते.

अशा एका ट्रॅक्टरची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. शेतकरी कुटुंब, आठ वर्षांचा ट्रॅक्टर, चौदा महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या. मिस्त्रीने दोनदा मीटर लावला, दोन्ही वेळा काही निघाले नाही. घरच्यांचे म्हणणे एकच, ‘रात्रीत उतरते.’ कोणत्या दिवशी उतरली ते कॅलेंडरवर खुणा करून पाहिले, तेव्हा सर्व खुणा जून ते ऑक्टोबरमध्ये आल्या आणि प्रत्येक वेळी ट्रॅक्टर पाच-सात दिवस उभा होता. मिस्त्री येई तो उघडीप पाहून. पुढे ट्रॅक्टरच्या मागच्या सात पिनांच्या ट्रॉली सॉकेटवर तांब्याभर पाणी ओतून मीटर लावला, आणि शून्यावर असलेला काटा पाव ॲम्पिअरवर गेला. रात्री ऊस भरताना उजेड हवा म्हणून कोणीतरी त्या सॉकेटच्या मोकळ्या पिनेला बॅटरीवरून थेट तार दिली होती. सॉकेटमध्ये चिखल आणि हिरवा कीट साचला होता. पाऊस पडला की त्या ओल्या कीटातून प्रवाह शेजारच्या अर्थच्या पिनेत उतरे. पाव ॲम्पिअर म्हणजे दिवसाला सहा ॲम्पिअर-तास, आठवड्याला बेचाळीस. हिशेब बरोबर जमला. उपाय झाला तो नवे सॉकेट, त्या तारेला एक स्विच आणि एक फ्यूज एवढाच.

मीटर कसा लावावा

प्रवाह मोजायचा तर मीटर वाटेत बसवावा लागतो. निगेटिव्ह तार बॅटरीवरून काढायची, मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला आणि दुसरी त्या काढलेल्या तारेला लावायची. म्हणजे गाडीत जाणारा सर्व प्रवाह मीटरमधून जातो. मीटरची लाल तार १० ॲम्पिअरच्या भोकात असावी आणि खटका डीसी ॲम्पिअरवर असावा. या स्थितीत मीटर चुकूनही बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर आडवा लावू नये. तो शॉर्ट होतो. मीटर लागलेला असताना किल्ली फिरवू नये आणि सेल्फ मुळीच मारू नये. वीजकाम करणाऱ्यांकडे असतो तो चिमट्याचा मीटर सोयीचा खरा, पण साधा चिमटा फक्त घरातल्या एसी विजेचा असतो. गाडीला डीसी मोजणारा लागतो.

मीटरच्या आधी त्याच जागी १२ व्होल्टचा २१ वॅटचा एक दिवा लावून पाहावा, असे आम्ही सुचवतो. दिवा लखलखीत पेटला तर गळती मोठी आहे. मीटर लावून त्याचा फ्यूज जाळण्याऐवजी आधी मोठा चोर शोधावा. दिवा अंधूक असेल किंवा पेटलाच नाही तर मीटर लावायला हरकत नाही.

जुन्या साध्या ट्रॅक्टरमध्ये किल्ली बंद असताना आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. अलीकडच्या मोटारीत घड्याळ, दारांचे लॉक आणि चोरघंटा यांना थोडी वीज लागतेच, ०.०२ ते ०.०५ ॲम्पिअर रीतसर समजावे. मात्र या गाड्या लगेच झोपत नाहीत. दार लावून कुलूप घातल्यावर वीस मिनिटे ते तासभर त्यांची आतली यंत्रणा जागी असते आणि तोवर मीटर दोन-चार ॲम्पिअरही दाखवतो. तो आकडा पाहून घाबरू नये. दाराची कडी स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेवावी, म्हणजे गाडीला दार लावल्यासारखे वाटते आणि आपल्याला आत हात घालता येतो. रिमोटची किल्ली दूर घरात ठेवावी. तार काढताना काचा खाली असाव्यात. किल्ली आत राहून दारे बंद झाल्याची उदाहरणे आहेत.

आकडा स्थिर झाल्यावर तो जास्त वाटला तर फ्यूजच्या पेटीकडे वळावे. एक-एक फ्यूज काढावा आणि मीटरकडे पाहावे. हे काम दोघांनी करावे, एकाने फ्यूज काढावा, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचावा. एखादा फ्यूज काढताच आकडा धपकन खाली आला की वाट सापडली. काढलेला फ्यूज त्याच जागी बसवावा. लाल १० ॲम्पिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. अदलाबदल झाली तर पुढे वायरिंग जळते. त्या फ्यूजवर कोणकोणत्या वस्तू आहेत हे पेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असते. मग त्या वस्तूंचे प्लग एकेक करून सोडवावेत.

नव्या गाडीत फ्यूज काढला आणि परत बसवला की ती यंत्रणा पुन्हा जागी होते आणि सगळे मोजमाप बिघडते. तेथे फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्टमध्ये मीटर लावावा. ज्यातून काहीच वाहत नाही तो फ्यूज शून्य दाखवतो; ज्यातून प्रवाह चालला आहे तो थोडा का होईना, आकडा दाखवतो.

सर्व फ्यूज काढूनही गळती तशीच राहिली तर ती फ्यूजवरून न जाणाऱ्या वाटेने जाते आहे : सेल्फ, अल्टरनेटर किंवा मघाशी मोजलेल्या जादा तारा. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी असताना अल्टरनेटरच्या मागचा जाड तारेचा नट काढावा, तारेच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवावा आणि मग पुन्हा मीटर लावावा. गळती थांबली तर डायोड गेले. बहुतेक वेळा नुसती डायोडची प्लेट बदलून काम भागते. अख्खा अल्टरनेटर बदला असे कोणी म्हणाले तर आधी प्लेटची चौकशी करावी.

येथे एका जुन्या सवयीविषयी सांगितले पाहिजे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची आणि इंजिन बंद पडते का पाहायचे, अशी परीक्षा काही मिस्त्री अजून घेतात. डायनामोच्या काळात ती खपून जात होती. अल्टरनेटरच्या गाडीत तसे केले तर व्होल्टेज एकदम उसळते आणि चांगले डायोड जळतात. नव्या गाडीचा कंप्युटरही जाऊ शकतो. आपल्या गाडीवर कोणालाही हे करू देऊ नये.

नातेवाईक आखातात आणि गाडी गावी, अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. ती गाडी निर्दोष असूनही उतरते. ०.०५ ॲम्पिअरने दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास जातात; ३५ ची लहान बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते. आठवड्यातून दहा मिनिटे इंजिन चालवून ठेवण्याने ती भरत नाही. निगेटिव्ह तार काढून ठेवणे आणि महिन्यातून एकदा चार्जरवर लावणे हेच बरे. ट्रॅक्टरला कट-ऑफ स्विच बसवला तर पाना शोधावा लागत नाही. काचेवरचा फास्टॅग बॅटरी पितो असे काहींना वाटते, पण त्याला बॅटरीची तार नसतेच; टोल नाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो चालतो. मागाहून बसवलेला जीपीएस मात्र रात्रंदिवस पितो.

गळती सापडून दुरुस्त झाली की त्याच दिवशी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. उतरलेली बॅटरी आठवडाभर तशीच पडली तर आतल्या पट्ट्यांवरचा थर कठीण होतो आणि मग ती कधीच पूर्वीसारखी भरत नाही. चार्जिंग सावकाश करावे. ८० ची बॅटरी ८ ॲम्पिअरवर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यावर. पाणी फक्त डिस्टिल्ड घालावे, आम्ल ओतू नये. मग पुन्हा मीटर लावून बंद गाडीचा आकडा पाहावा आणि तो तारखेसह बॅटरीच्या पेटीजवळ रंगाने किंवा खडूने लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी कोणी शंका काढली तर जुळवायला काही तरी हाती राहते.

बॅटरीच खरोखर गेली असेल तर जुनी दुकानदाराला परत द्यावी आणि तिची किंमत नवीच्या बिलातून वजा करून घ्यावी. जुन्या बॅटऱ्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. भंगारवाला चार पैसे जास्त देतो म्हणून, किंवा जाळ्याला शिशाचे वजन हवे म्हणून, परसात बॅटरी फोडून शिसे वितळवू नये. त्या धुराचे आणि मातीत सांडलेल्या आम्लाचे जे काही होते, ते त्या मातीत खेळणाऱ्या पोरांच्या रक्तात जाते. जुनी बॅटरी दुकानात पोहोचेपर्यंत सरळ उभी, झाकून आणि मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवावी.